आधी वाट की आधी डिस्क?

एक साधं उदाहरण घेऊ. एका यूनिक्स मशीनला १०.१.२ या सबनेटमधला पत्ता आहे. त्याची ‘/यूएसआर’ ही फाइलसिस्टिम स्वतःच्या डिस्कवर नाही, ती १०.१.५ या सबनेटमधल्या फाइल सर्व्हरवरून एनएफएसने माउंट व्हायची आहे. मधे राउटर आहे. पलीकडच्या सबनेटची वाट मशीनला कळते ती राउटिंग डीमनकडून, आणि त्या डीमनचा प्रोग्राम ठेवलाय ‘/यूएसआर’मध्येच. आता मशीन सुरू करा. कर्नल उठतं, रूट फाइलसिस्टिम वाचता येते. ‘आयएफकॉन्फिग’ इंटरफेसला पत्ता देतं आणि त्यासरशी स्वतःच्या सबनेटपुरती एक नोंद राउटिंग टेबलमध्ये पडते. मग ‘माउंट’ची पाळी येते. १०.१.५ साठी टेबलमध्ये काहीच नाही, डीफॉल्ट वाटही नाही. पडद्यावर येतं ‘नेटवर्क इज अनरीचेबल’, आणि गाडी तिथेच थांबते. वाट हवी तर डीमन हवा, डीमन हवा तर ‘/यूएसआर’ हवी आणि ‘/यूएसआर’ हवी तर वाट हवी.

या साखळीतला एकेक निर्णय सुटा पाहिला तर बरोबरच आहे. ‘/यूएसआर’ सर्व्हरवर ठेवली की पन्नास मशीनांची देखभाल एका जागी होते. मोठे प्रोग्राम ‘/यूएसआर’मध्ये ठेवले की रूट फाइलसिस्टिम आटोपशीर राहते. राउटिंग डीमन चालवला की नेटवर्कची रचना बदलली तरी मशीनमशीनवर जाऊन वाटा बदलाव्या लागत नाहीत. तिन्ही सोयी एकत्र आल्या की मशीन उठत नाही. शिवाय हा दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहू शकतो. फाइल सर्व्हर त्याच सबनेटमध्ये असेल तर राउटिंगची गरजच पडत नाही, सबनेटपुरती नोंद पुरते. पुढे कधीतरी नेटवर्कची विभागणी होते, सर्व्हर राउटरच्या पलीकडे जातो, आणि इतकी वर्षं बिनतक्रार उठणारी मशीनं पुढच्या रीबूटला अडून बसतात. तो रीबूट सहा महिन्यांनी झाला तर विभागणीशी त्याचा संबंध आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

गेली चाळीस वर्षं यूनिक्सच्या निरनिराळ्या घराण्यांनी या क्रमाच्या प्रश्नाशी झटापट केली आहे. त्या सगळ्या प्रयत्नांकडे पाहताना माझं एक ठाम मत झालं आहे. फाइलसिस्टिम माउंट करणं हे संपणारं काम आहे: झालं, किंवा फसलं. नेटवर्कवरची वाट मात्र येते, जाते, उशिरा येते, दुसरीकडून येते. या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच रांगेत उभ्या करून क्रमांक दिले की गोंधळ ठरलेला. ज्या रचनांनी हा फरक ओळखला त्या टिकल्या, बाकीच्यांनी वाट पाहण्याची मुदत वाढवत नेली.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या यूनिक्समध्ये ‘इनिट’ हा पहिला प्रोसेस ‘/ईटीसी/आरसी’ नावाची एक छोटी शेल स्क्रिप्ट चालवी, ती डिस्क माउंट करी, एकदोन डीमन सोडी आणि मग टर्मिनलांवर लॉगिन येई. १९८३ च्या ४.२ बीएसडीबरोबर टीसीपी-आयपी आलं, ‘आयएफकॉन्फिग’ आलं, ‘राउटेड’ हा डीमन आला. ‘आरसी’ आधी डिस्क तपासून माउंट करी, मग ‘आरसी डॉट लोकल’मधून नेटवर्क उठे. स्थानिक डिस्क आधी, नेटवर्क नंतर हा क्रम तेव्हा निर्धोक होता, कारण नेटवर्कपलीकडची डिस्क माउंट करण्याची सोयच ४.२ बीएसडीत नव्हती. आणखी एक बाब आज सहज विसरली जाते. ४.२ बीएसडीत ‘आयएफकॉन्फिग’ आणि ‘राउटेड’ हे दोन्ही प्रोग्राम ‘/ईटीसी’मध्येच, म्हणजे रूट फाइलसिस्टिमवर होते. मशीन उठायला जे लागतं ते पहिल्या डिस्कवर, असा तो शिरस्ता होता.

१९८५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस बाजारात आणलं आणि हा शिरस्ता मोडला. सनच्या डिस्क नसलेल्या वर्कस्टेशनांची रूट फाइलसिस्टिमसुद्धा नेटवर्कवरून येई. पत्ता कळण्यासाठी १९८४ चा आरएआरपी हा प्रोटोकॉल वापरला जाई. तो ब्रॉडकास्टवर चालतो आणि राउटर ओलांडत नाही, त्यामुळे प्रत्येक सबनेटमध्ये एक बूट सर्व्हर ठेवावा लागे. बहुतेक ठिकाणी तोच फाइल सर्व्हरही असे. म्हणजे आरएआरपीच्या मर्यादेमुळे राउटिंगचा प्रश्न आपोआप झाकला गेला. सनच्या बूटपॅरॅम्स सेवेत ‘मी कोण’ या विचारणेच्या उत्तरात राउटरचा पत्ताही येई, आणि १९८५ मध्येच आलेल्या बूटपी प्रोटोकॉलनेही पत्त्याबरोबर पुढची माहिती देण्याची सोय केली. लिनक्स कर्नलला एनएफएसवरून रूट घ्यायला सांगताना ‘आयपी’ नावाचा जो पॅरामीटर देतात, त्यात पहिलं घर मशीनच्या पत्त्याचं, दुसरं सर्व्हरच्या पत्त्याचं आणि तिसरं गेटवेचं आहे. नेटमास्कच्याही आधी गेटवे. एकही प्रोग्राम चालण्यापूर्वी कर्नल स्वतःच डीफॉल्ट वाट टाकतं, आणि रूट फाइलसिस्टिमपुरता तरी प्रश्न मिटतो.

घोडं पेंड खातं ते पुढच्या पायरीवर, ‘/यूएसआर’पाशी. १९८८ मध्ये सनओएस ४.० ने फाइलसिस्टिमची फेररचना केली. ‘/बिन’ आता ‘/यूएसआर/बिन’कडे बोट दाखवणारी लिंक झाली आणि ‘/यूएसआर’ माउंट होईपर्यंत जे लागेल तेवढंच एका छोट्या नव्या डिरेक्टरीत ठेवलं गेलं. ती ‘/एसबिन’. तिच्यात ‘इनिट’, ‘माउंट’, ‘आयएफकॉन्फिग’, शेल अशी मोजकी मंडळी होती. ‘राउटेड’चा सनचा अवतार मात्र ‘/यूएसआर/ईटीसी’त गेला. इंटरफेस उठवता येतो पण वाट शिकता येत नाही अशी स्थिती यामुळे तयार झाली, आणि वर दिलेलं उदाहरण कागदावरचं न राहता प्रत्यक्षात शक्य झालं.

नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडीने या बाबतीत जास्त दूरदृष्टी दाखवली असं मला वाटतं. दोन्हीकडे ‘राउट’ ही कमांड आणि ‘राउटेड’ हा डीमन ‘/एसबिन’मध्ये ठेवले गेले. दिसायला हा प्रोग्राम कुठल्या कप्प्यात ठेवायचा एवढाच निर्णय आहे, पण बूटच्या क्रमाचा अर्धा प्रश्न त्यात सुटतो. कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलसिस्टिमवर आहे हे न पाहता स्क्रिप्टांचा क्रम लावणं व्यर्थ आहे.

सिस्टिम फाइव्ह घराण्याने क्रम लावला तो आकड्यांनी. सोलॅरिसवर ‘आरसी-एस’च्या टप्प्यात ‘एस ३०’ क्रमांकाची स्क्रिप्ट इंटरफेस उठवून ‘/यूएसआर’ माउंट करी. ‘आरसी २’च्या टप्प्यात ‘एस ६९’ ही स्क्रिप्ट डीफॉल्ट राउटर लावी किंवा राउटिंग डीमन सोडी, आणि ‘एस ७३’ एनएफएसच्या बाकीच्या फाइलसिस्टिम माउंट करी. डेबियनवर स्थानिक डिस्कांचा आकडा ३५, नेटवर्कचा ४० आणि एनएफएसचा ४५. रेड हॅटवर स्थानिक डिस्का आधीच्या मुख्य स्क्रिप्टमध्ये उरकत, मग नेटवर्क १० आणि नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिम २५. वाचायला सोपं आणि चालायलाही बरंच चांगलं. पण ४० च्या आधी ३५ का, हे त्या आकड्यांत कुठेच लिहिलेलं नसे. कारण कोणा जुन्या प्रशासकाच्या डोक्यात असे आणि तो नोकरी सोडून गेला की कारणही जाई. मग नवीन माणूस एखादी सेवा ३८ वर घुसवी.

आकड्यांची दुसरी उणीव जास्त खोल आहे. सोलॅरिसच्या ‘एस ६९’ने राउटिंग डीमन सुरू केला की तो पार्श्वभूमीला जाई आणि स्क्रिप्ट ‘झालं’ म्हणून परते. डीमन सुरू झाला हे खरं, वाट आली का? आरआयपी प्रोटोकॉलमध्ये राउटर दर ३० सेकंदांनी आपलं टेबल जाहीर करतात. डीमन सुरू होताना स्वतःहून विचारणा करतो, त्यामुळे उत्तर बहुधा लगेच येतं, पण तो पॅकेट हरवला तर पुढच्या जाहिरातीपर्यंत थांबणं आलं. ओएसपीएफमध्ये सर्रास वापरली जाणारी मूल्यं हॅलोसाठी १० सेकंद आणि शेजारी गेला असं मानण्यासाठी ४० सेकंद अशी आहेत. इथरनेटवर मुख्य राउटरची निवड ठरलेली नसेल तर ४० सेकंद नुसते वाट पाहण्यात जातात. त्याखाली स्विचचा वेगळा हिशेब असतो. जुना स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल पोर्ट जिवंत झाल्यावर १५ आणि १५ असे ३० सेकंद त्यातून एकही पॅकेट पुढे सोडत नाही. केबल जोडलेली, दिवा हिरवा, इंटरफेसला पत्ता मिळालेला, डीमन चालू, आणि तरीही माउंटची विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. ‘एस ६९’ आणि ‘एस ७३’ यांच्यात चाराचं अंतर आहे, सेकंदांचं नाही.

अवलंबित्व शब्दांत लिहायची मोठी सुधारणा नेटबीएसडीने डिसेंबर २००० मधल्या १.५ आवृत्तीत केली. प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर ती काय पुरवते, तिला आधी काय लागतं आणि ती कोणाच्या आधी चालली पाहिजे, हे टिप्पणीच्या रूपात लिहायचं. ‘आरसीऑर्डर’ नावाचा छोटा प्रोग्राम त्यावरून क्रम काढतो. या रचनेमागचा विचार ल्यूक म्यूबर्न यांनी २००१ च्या यूझनिक्स परिषदेतल्या निबंधात मांडला. फ्रीबीएसडीने ती २००३ च्या ५.० आवृत्तीत घेतली.

तिच्यातला फाइलसिस्टिमचा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. नेटबीएसडी माउंटचे तीन टप्पे करतं. पहिला टप्पा निकडीच्या स्थानिक फाइलसिस्टिमचा, आणि त्यांच्या यादीत मुळात ‘/व्हार’ आहे. नेटवर्कच्या आधी ‘/व्हार’ कशाला? डीएचसीपी क्लायंटला मिळालेल्या पत्त्याची नोंद लिहायला जागा लागते, ती ‘/व्हार’मध्ये असते. म्हणजे नेटवर्कलाही आधी एक डिस्क लागते. त्यानंतर नेटवर्क. दुसरा टप्पा निकडीच्या दूरस्थ फाइलसिस्टिमचा, आणि त्या यादीत मुळात ‘/यूएसआर’ आहे. बाकी सगळं तिसऱ्या टप्प्यात. ‘आधी डिस्क की आधी नेटवर्क’ असा सरळ प्रश्न विचारणाऱ्याला या रचनेने दिलेलं उत्तर असं: थोडी डिस्क, मग नेटवर्क, मग थोडी आणखी डिस्क, मग उरलेलं. या विषयावर इतकं नेमकं उत्तर त्याआधी कोणी दिलं होतं असं मला वाटत नाही. ‘/व्हार’ आणि ‘/यूएसआर’ ही नावं कॉन्फिगरेशनमध्ये बदलता येतात, ही त्यातली शहाणपणाची बाजू.

फ्रीबीएसडीने यात एक भर घातली. बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टा ‘/यूएसआर/लोकल’मध्ये असतात, आणि बूटच्या आरंभी ती डिरेक्टरी दिसेलच याची खात्री नसते. म्हणून तिथे क्रम दोनदा काढला जातो. पहिल्या फेरीत मूळ प्रणालीच्या स्क्रिप्टा एका ठरावीक सीमारेषेपर्यंत चालतात, फाइलसिस्टिम दिसू लागतात, मग ‘/यूएसआर/लोकल’मधल्या स्क्रिप्टा धरून पुन्हा क्रम लावला जातो. ‘/यूएसआर/लोकल’ स्वतःच एनएफएसवर असेल तर ही सीमारेषा दूरस्थ माउंटच्या पलीकडे सरकवायची, असं तिचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र प्रशासकाने स्वतः काढायचा असतो. बर्ड किंवा एफआरआरसारखा राउटिंग डीमन ‘/यूएसआर/लोकल’मध्ये असेल तर तो दुसऱ्याच फेरीत उठणार. पहिल्या फेरीत जी फाइलसिस्टिम लागते तिची वाट त्या डीमनवर सोडून चालणार नाही, तिला स्थिर वाटच हवी.

लिनक्समध्ये हाच विचार एलएसबी या मानकाने ठरवलेल्या, स्क्रिप्टच्या माथ्यावरच्या शीर्षकांतून आला. स्क्रिप्टने ‘मला रिमोट एफएस लागतं’ किंवा ‘नेटवर्क लागतं’ असं लिहायचं. डेबियनने २०११ च्या ६.० आवृत्तीत अवलंबित्वावरचा क्रम हीच मूळ पद्धत केली. सनने २००५ मध्ये सोलॅरिस १० बरोबर एसएमएफ ही सेवा सांभाळणारी यंत्रणा आणली, तिच्यात राउटिंगची मांडणी ही वेगळी सेवा झाली. उबुंटूने २००६ पासून अपस्टार्ट वापरलं, जे घटनांवर चाले. इंटरफेस उठल्याची घटना आली की माउंट करणाऱ्या प्रोग्रामने नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमचा पुन्हा प्रयत्न करायचा. कल्पना मला आजही आवडते, कारण ‘अजून नाही, पण येईल’ ही नेटवर्कची जातकुळी तिने ओळखली होती. पण कोणती घटना कोणामुळे अडली आहे हे शोधायला बसलं की ताकास तूर लागत नसे.

२०१० मध्ये आलेल्या सिस्टिमडीने बहुतेक लिनक्स वितरणं व्यापली, त्यामुळे आज हा प्रश्न मुख्यतः त्याच्या भाषेत मांडला जातो. त्याच्यावर टीका भरपूर झाली आहे, पण या एका विषयात त्याने केलेली विभागणी उपयोगाची आहे. ‘नेटवर्क प्री’ हा टप्पा इंटरफेस उठण्याआधीचा, फायरवॉलसाठी. ‘नेटवर्क’ हा टप्पा नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाल्याचा, पत्ता असो वा नसो. ‘नेटवर्क ऑनलाइन’ म्हणजे नेटवर्क खरोखर वापरण्याजोगं झालं. फाइलसिस्टिमचेही ‘लोकल एफएस’ आणि ‘रिमोट एफएस’ असे दोन भाग. ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये एनएफएसची ओळ दिसली की सिस्टिमडी ती आपोआप ‘नेटवर्क ऑनलाइन’च्या मागे लावतं.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं ठिकाण वर्गीकरणाचं. एखादी डिस्क आयएससीएसआयवरून, म्हणजे नेटवर्कवरून येते, पण तिच्यावर ‘ईएक्सटी ४’ ही साधी फाइलसिस्टिम आहे. एफएसटॅबमधल्या त्या ओळीत नेटवर्कचा मागमूस नसतो. सिस्टिमडी तिला स्थानिक समजतं आणि नेटवर्कच्या आधी माउंट करायला जातं. डिव्हाइस दिसेना म्हणून ९० सेकंद थांबतं, मग ‘लोकल एफएस’ फसलं म्हणून मशीन आणीबाणीच्या शेलमध्ये जाऊन बसतं. दूरच्या शहरातल्या डेटा सेंटरमधलं मशीन असं बसलं तर एसएसएचही उठलेलं नसतं, कन्सोलवरच जावं लागतं. उपाय काय, तर ओळीत ‘_नेटडेव्ह’ हा एक पर्याय लिहिणं. एका शब्दाने ती डिस्क दूरस्थांच्या रांगेत जाते, आणि दूरस्थ माउंट फसलं म्हणून मशीन आणीबाणीत जात नाही.

दुसरं ठिकाण ‘नेटवर्क ऑनलाइन’ या शब्दांवरच्या भाबड्या विश्वासाचं. ऑनलाइन म्हणजे काय हे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम ठरवतो. सिस्टिमडीचा स्वतःचा नेटवर्क डीमन वापरला तर वाट पाहणारा प्रोग्राम १२० सेकंदांपर्यंत थांबतो, आणि वापरात नसलेलं एखादं पोर्ट कॉन्फिगरेशनमध्ये राहिलं असेल तर ती दोन मिनिटं पूर्ण वाया जातात. उलट, एका इंटरफेसला पत्ता मिळाल्यावर तो टप्पा पार पडला असं ठरलं, आणि फाइल सर्व्हरची वाट दुसऱ्या इंटरफेसवरून येणार असली, तर माउंट वेळेआधीच धावतं. तुमच्या फाइल सर्व्हरपर्यंत पॅकेट पोहोचतो का, हा नेमका प्रश्न यात कोणी विचारतच नाही. फ्रीबीएसडीची ‘नेटवेट’ ही स्क्रिप्ट तो विचारते. तिला एक किंवा अनेक पत्ते द्यायचे, ती त्यांना पिंग करत राहते आणि एकाचं उत्तर आलं की पुढे जाऊ देते, मूळ मुदत ६० सेकंदांची. तंत्र म्हणून अगदी साधं, पण विचारणा योग्य ठिकाणी आहे. लिनक्सवर असं करायचं तर स्वतःची छोटी सेवा लिहून माउंटला तिच्या मागे लावावं लागतं, आणि जिथे वाटा गुंतागुंतीच्या आहेत तिथे ती लिहावीच.

क्रमाचा प्रश्न मुळातच टाळण्याचे दोन जुने मार्ग आहेत आणि ते मला आजच्या बऱ्याच नव्या यंत्रणांपेक्षा भरवशाचे वाटतात. एक म्हणजे एनएफएस माउंटचा ‘बीजी’ हा पर्याय. पहिला प्रयत्न फसला तर माउंट पार्श्वभूमीला जाऊन प्रयत्न चालू ठेवतं आणि बूट पुढे सरकतं. लिनक्सवर पुरोभागातलं माउंट मुळात २ मिनिटं प्रयत्न करतं, पार्श्वभूमीतलं १०,००० मिनिटं, म्हणजे साधारण आठवडाभर. दोन सर्व्हर एकमेकांच्या डिरेक्टऱ्या माउंट करत असतील तर ‘बीजी’सारख्या उपायाशिवाय गत्यंतर नाही. वीज जाऊन दोघं एकदम उठले की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत बसतो, आणि एका मशीनवरच्या कोणत्याही क्रमाने ही कोंडी फुटत नाही. दुसरा मार्ग ऑटोमाउंटरचा. सनने तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणला, जॅन-सायमन पेंड्री यांनी ‘एएमडी’ लिहिलं. बूटच्या वेळी माउंट करायचंच नाही, कोणी त्या डिरेक्टरीत पहिल्यांदा पाऊल टाकलं की करायचं. सिस्टिमडीतही एफएसटॅबच्या ओळीत एक पर्याय टाकून हे होतं. लोकांच्या होम डिरेक्टऱ्या, सामायिक डेटा, बॅकअपची जागा, यांना बूटच्या रांगेत उभं करण्याचं काहीच कारण नाही.

बंद होतानाच्या क्रमाकडे लोक फारसं पाहत नाहीत. उठताना नेटवर्क आधी, माउंट नंतर. बंद होताना माउंट सोडवणं आधी, नेटवर्क नंतर. हे उलटलं की एनएफएसचा हार्ड माउंट सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत बसतो आणि मशीन बंदच होत नाही. लॅपटॉपवर वायफाय सांभाळणारा प्रोग्राम आधी मारला गेला की नेमकं हेच घडतं. सिस्टिमडीमध्ये बंद होण्याचा क्रम उठण्याच्या क्रमाच्या बरोबर उलटा असतो, आणि त्यातला ‘नेटवर्क’ हा टप्पा मुख्यतः याच कामाचा आहे.

आता थोडं आजच्या स्थितीविषयी. १९९० च्या दशकात साध्या मशीनांवरून राउटिंग डीमन हळूहळू नाहीसे झाले. डीएचसीपी गेटवेचा पत्ता देऊ लागलं, आणि १९९८ मध्ये प्रमाण म्हणून आलेल्या व्हीआरआरपीने एका पत्त्यामागे दोन राउटर उभे करण्याची सोय केली, त्यामुळे स्थिर डीफॉल्ट वाट ठेवूनही राउटर बिघडण्याची भीती उरली नाही. ‘/यूएसआर’ वेगळी ठेवण्याची पद्धतही लिनक्समध्ये मागे पडली. २०१२ च्या फेडोरा १७ ने ‘/बिन’ आणि ‘/एसबिन’ ‘/यूएसआर’मध्येच विलीन केल्या. ती वेगळी असलीच तर इनिटरामएफएस, म्हणजे कर्नलबरोबर मेमरीत येणारी छोटी फाइलसिस्टिम, मूळ प्रणाली उठण्याआधी ती माउंट करते. म्हणजे १९८८ मध्ये ‘/एसबिन’ने जे काम केलं तेच आज इनिटरामएफएस करतं, आणि नियमही तोच आहे: वाट मिळवायला जे लागेल ते सगळं त्यात असलं पाहिजे. गेटवेची नोंद राहिली की मशीन पूर्वीसारखंच अडतं.

प्रश्न मिटला असं वाटत असतानाच तो दुसऱ्या दाराने परत आला आहे. मोठ्या डेटा सेंटरांत सर्व्हरवरच बीजीपी हा राउटिंग प्रोटोकॉल चालवण्याची पद्धत पसरते आहे. सर्व्हरचा पत्ता लूपबॅकवर असतो, वरच्या दोन स्विचांशी बीजीपीचं सत्र जुळलं की त्या पत्त्याची वाट तयार होते, आणि साठवणूक मात्र नेटवर्कपलीकडे. इंटरफेस उठला, पत्ता आहे, ‘नेटवर्क ऑनलाइन’ झालं, आणि सत्र अजून जुळलेलं नाही. व्हीपीएनच्या बोगद्यातून फाइल सर्व्हर गाठणाऱ्या मशीनांचीही हीच गत: बोगद्याची किल्ली ज्या डिस्कवर आहे ती स्थानिक असलीच पाहिजे. एफएसटॅबमध्ये सर्व्हरचं नाव लिहिलं असेल आणि नाव सोडवणारा डीएनएस सर्व्हर राउटरपलीकडे असेल तर आणखी एक कडी जोडली जाते. निकडीच्या माउंटसाठी मी आजही ‘/ईटीसी/होस्ट्स’मधली नोंद किंवा थेट पत्ता पसंत करतो.

माझा कौल असा. ज्या वाटेवरून मशीनला स्वतःची निकडीची फाइलसिस्टिम आणायची आहे ती वाट कोणत्याही डीमनकडून शिकायची नाही, ती स्थिर असावी, आणि ती टाकणारा प्रोग्राम पहिल्या डिस्कवर किंवा इनिटरामएफएसमध्ये असावा. गतिशील राउटिंग हवं तर ते त्यानंतर येऊन वाट सुधारू दे. निकडीची नसलेली प्रत्येक दूरस्थ फाइलसिस्टिम ऑटोमाउंटरकडे द्यावी. या दोन्ही गोष्टी पाळल्या तर कोणती इनिट प्रणाली वापरता याने फारसा फरक पडत नाही, आणि पाळल्या नाहीत तर कोणतीही प्रणाली वाचवत नाही.

ज्यांच्याकडे अशी मशीनं आहेत त्यांना एक विनंती. आपल्याकडे वीज जाणं-येणं नवीन नाही, आणि वीज परत येते तेव्हा स्विच, राउटर, फाइल सर्व्हर आणि क्लायंट सगळे एकदम उठतात. फाइल सर्व्हर डिस्क तपासत बसतो, क्लायंट त्याच्या आधी तयार होतात. एकेक मशीन रीबूट करून घेतलेल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. पुढच्या देखभालीच्या दिवशी ‘/ईटीसी/एफएसटॅब’मधली एकेक दूरस्थ ओळ घ्या, तिच्या सर्व्हरची वाट राउटिंग टेबलमध्ये कोण आणि केव्हा टाकतं ते शोधा. मग सगळं एकदम बंद करून एकदम चालू करा, आणि कन्सोलला हात न लावता काय उठतं, काय अडतं ते लिहून ठेवा.